अपग्रेडनंतर मेल सर्व्हर भलतंच सर्टिफिकेट का दाखवतो

पॅकेज अपग्रेड झालं, एरर एकही आली नाही, पोस्टफिक्स (मेल पाठवणारा आणि स्वीकारणारा प्रोग्रॅम) चालू आहे, डोव्हकॉट (मेलबॉक्स उघडून देणारा प्रोग्रॅम) चालू आहे, बाहेरून मेलही येतायत. तरीही मोबाइलवरच्या मेल ॲपमध्ये सर्टिफिकेटचा, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राचा, इशारा झळकायला लागतो. पहिला संशय मुदतीवर जातो, म्हणून फाइल उघडून पाहावी तर सर्टिफिकेटची मुदत अजून बरीच शिल्लक असते. फाइल ठीकच असते, पण सर्व्हर ती वाचत नसतो. अपग्रेडमध्ये सेटिंग पुन्हा पॅकेजच्या मूळ सर्टिफिकेटकडे वळलेलं असतं. डेबियन आणि उबुंटूवर हे मूळ सर्टिफिकेट बहुतेक वेळा 'स्नेकऑइल' असतं, म्हणजे एसएसएल-सर्ट या पॅकेजने त्याच मशीनवर तयार केलेलं, स्वतःच स्वतःवर सही केलेलं सर्टिफिकेट.

हा घोळ उशिरा उघडकीला येतो, त्याला कारण आहे. पोर्ट २५ वर एक सर्व्हर दुसऱ्याला मेल देतो तेव्हा बहुतेक सर्व्हर समोरचं सर्टिफिकेट तपासत नाहीत. टीएलएस (जोडणीवरचा मजकूर सांकेतिक करणारी पद्धत) मिळालं तर वापरायचं, नाही मिळालं तर साध्या जोडणीवर मेल देऊन मोकळं व्हायचं, अशी ती रीत आहे. त्यामुळे स्नेकऑइल दाखवलं तरी मेल येत राहतो आणि 'मेल येतोय का' एवढंच पाहणारं मॉनिटरिंग सगळं छान असल्याचं सांगतं. तक्रार येते ती ५८७, ४६५ आणि ९९३ या पोर्टवर लॉगिन करणाऱ्या लोकांकडून. त्यातलेही बरेच जण तक्रार न करता 'तरीही पुढे जा' दाबून मोकळे होतात. मला यातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच वाटते. एकदा ती सवय लागली की उद्या खरोखरच कुणी मध्ये बसलं तरी लोक तेच बटण दाबणार.

डीपीकेजी नेमकं काय ठरवतो

'अपग्रेडने माझी फाइल उडवली' असं सरसकट म्हटलं जातं. डेबियनच्या पॅकेज व्यवस्थेत, म्हणजे पॅकेज बसवणाऱ्या डीपीकेजी या साधनात, मात्र यासाठी अगदी स्पष्ट नियम आहेत आणि ते माहीत असले तर निम्मा त्रास वाचतो.

पॅकेजने 'कॉनफाइल', म्हणजे सेटिंगची फाइल, म्हणून नोंदवलेल्या प्रत्येक फाइलसाठी डीपीकेजी तीन चेकसम (मजकुरावरून काढलेले ओळख-आकडे) समोर ठेवतो: जुन्या पॅकेजसोबत आलेल्या मूळ फाइलचा, नव्या पॅकेजसोबत आलेल्या फाइलचा, आणि सध्या डिस्कवर असलेल्या फाइलचा. तुम्ही फाइल बदलली पण पॅकेजने बदलली नाही, तर तुमची फाइल तशीच राहते, काही विचारलं जात नाही. पॅकेजने बदलली आणि तुम्ही हात लावला नव्हता, तर नवी फाइल गुपचूप बसते. दोघांनीही बदलली असेल तरच प्रश्न विचारला जातो. तुम्ही फाइल काढूनच टाकली असेल, तर डीपीकेजी ती स्वतःहून परत आणत नाही.

सर्टिफिकेटच्या बाबतीत घात होतो तो दुसऱ्या प्रकारात. बरेच जण सेटिंग बदलत नाहीत. पॅकेजने ठरवलेल्या जागी, त्याच नावाने आपलं सर्टिफिकेट ठेवतात आणि कॉन्फिगरेशन फाइलला हातच लावत नाहीत. डीपीकेजीच्या दृष्टीने ती फाइल अस्पर्श असते. पुढच्या आवृत्तीत पॅकेजने सर्टिफिकेटची ठरलेली जागा बदलली की नवी फाइल न विचारता येते आणि नव्या जागेकडे बोट दाखवते. तिथे स्नेकऑइल असतं. डोव्हकॉटच्या डेबियन पॅकेजमध्ये ही जागा वेगवेगळ्या आवृत्त्यांत खरोखरच बदलत गेलेली आहे.

प्रश्न विचारला जातो तेव्हा स्क्रीनवर चार मुख्य पर्याय असतात: पॅकेजवाल्यांची नवी फाइल घे, आपली आहे ती ठेव, दोन्हीतला फरक दाखव, किंवा शेल उघडून दे. नुसतं एंटर दाबलं तर 'आपली ठेव' हे उत्तर धरलं जातं. घाईत एंटर दाबणारा म्हणून सहसा वाचतो. अडकतो तो 'नवीन म्हणजे चांगलं' असं समजून वाय दाबणारा. माझा सल्ला असा की आधी नेहमी डी दाबून फरक वाचावा. त्यात सर्टिफिकेटच्या ओळी दिसल्या, तर उत्तर काहीही दिलं तरी त्या फाइलकडे नंतर परत यायचं आहे हे टिपून ठेवावं. आपली फाइल ठेवली तर पॅकेजची नवी फाइल शेजारी 'डॉट डीपीकेजी-डिस्ट' या शेपटीने राहते. नवी घेतली तर आपली जुनी 'डॉट डीपीकेजी-ओल्ड' म्हणून राहते. म्हणजे वाय दाबलं तरी सेटिंग गेलेलं नसतं, शेजारीच पडून असतं.

काही पॅकेजं डीपीकेजीऐवजी यूसीएफ नावाचं साधन वापरतात. डेबियन १२ मध्ये डोव्हकॉटच्या कॉन्फ.डी मधल्या फाइली असंच सांभाळल्या जातात. तिथे शेपटी 'यूसीएफ-डिस्ट' आणि 'यूसीएफ-ओल्ड' अशी असते, आणि डीपीकेजीला दिलेले फोर्स-कॉनफओल्ड (जुनी फाइल ठेव) वगैरे पर्याय यूसीएफला लागू होत नाहीत. त्याच्यासाठी 'यूसीएफ_फोर्स_कॉनफएफओल्ड' हा वेगळा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे. अपग्रेड स्क्रिप्टने करणारे लोक पहिला पर्याय देतात आणि दुसरा विसरतात.

आपोआप होणाऱ्या अपग्रेडचं वागणं याहून निराळं. अनअटेंडेड-अपग्रेड्स हे साधन एखाद्या पॅकेजमुळे कॉनफाइलचा प्रश्न येणार असं दिसलं, तर ते पॅकेज बाजूला ठेवतं आणि लॉगमध्ये 'हाताने अपग्रेड करा' अशी नोंद टाकतं. सर्टिफिकेट शाबूत राहतं, पण सुरक्षेचा अपडेट लागलेला नसतो आणि तो लॉग कुणी वाचत नाही. याउलट एखाद्या स्क्रिप्टमधून, स्टँडर्ड इनपुट बंद ठेवून अपग्रेड चालवलं, तर प्रश्नापाशी डीपीकेजीला उत्तर मिळत नाही आणि पॅकेज अर्धवट कॉन्फिगर झालेल्या अवस्थेत लटकतं.

आणखी एक प्रकार सहज नजरेतून सुटतो. पॅकेजला एखादी कॉन्फिगरेशन फाइल यापुढे नकोच असेल आणि ती तुम्ही बदललेली असेल, तर ती 'डॉट डीपीकेजी-बॅक' या नावाने बाजूला सारली जाते. मजकूर तिथेच असतो, पण नाव बदलल्यामुळे कुणी वाचत नाही. म्हणून अपग्रेडनंतर इटीसी या सेटिंगच्या फोल्डरच्या झाडात ही सगळी शेपूटवाली नावं एकदा शोधावीत: फाइंड कमांडला डीपीकेजी-डिस्ट, डीपीकेजी-ओल्ड, डीपीकेजी-बॅक, यूसीएफ-डिस्ट आणि यूसीएफ-ओल्ड असे पाच नमुने दिले की झालं. 'डेबसम्स -सीई' ही कमांड मूळ रूपापासून बदललेल्या कॉनफाइलींची यादी देते. ती अपग्रेडच्या आधी काढून ठेवली तर कुठे लक्ष द्यायचं ते आधीच कळतं.

आरपीएम या पॅकेज-साधनावर चाललेल्या, रेड हॅटच्या पठडीतल्या लिनक्स वितरणांत तर्क तोच, पण निर्णय पॅकेज बनवणाऱ्याच्या हाती. फाइल 'कॉन्फिग, नोरिप्लेस' अशी नोंदवलेली असेल तर तुमची बदललेली फाइल राहते आणि नवी 'डॉट आरपीएमन्यू' म्हणून येते. नुसतं 'कॉन्फिग' असेल आणि पॅकेजनेही फाइल बदललेली असेल, तर नवी फाइल जागेवर बसते आणि तुमची 'डॉट आरपीएमसेव्ह' होते. प्रश्न विचारायची पद्धतच नाही. सगळा व्यवहार आउटपुटमधल्या एका वॉर्निंगच्या ओळीत उरकतो. 'आरपीएम -व्ही पोस्टफिक्स' (मोठा व्ही) चालवल्यावर मेन.सीएफ या पोस्टफिक्सच्या मुख्य सेटिंग फाइलच्या ओळीत आकार, चेकसम आणि वेळ यांची एस, ५ आणि टी ही अक्षरं दिसली तर फाइल मूळ रूपात नाही, म्हणजे तुमचे बदल अजून त्यात आहेत. अपग्रेडनंतर ही अक्षरं गायब झाली असतील तर तुमचे बदल गेले हे समजून जावं. आर्चवर 'पॅकन्यू' आणि अल्पाइनवर 'एपीके-न्यू' ही याचीच भावंडं.

डोव्हकॉटची सिमलिंक

आता एक सापळा जवळून बघू. डेबियनवर डोव्हकॉट बसवल्यावर इटीसी, डोव्हकॉट, प्रायव्हेट या फोल्डरमध्ये डोव्हकॉट.पेम आणि डोव्हकॉट.की अशा दोन फाइली दिसतात. 'एलएस -एल' केलं तर त्या फाइली नसून सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नावं, आहेत हे कळतं. पेमची लिंक जाते इटीसी, एसएसएल, सर्ट्समधल्या एसएसएल-सर्ट-स्नेकऑइल.पेमकडे आणि कीची लिंक जाते स्नेकऑइलच्या खाजगी कीकडे, म्हणजे सर्टिफिकेटच्या जोडीच्या गुप्त किल्लीकडे. या ठिकाणी कुणी 'सीपी' करून आपलं सर्टिफिकेट डोव्हकॉट.पेमवर टाकलं, तर सीपी लिंकच्या मागे जातो आणि प्रत्यक्षात स्नेकऑइलच्या फाइलवर आपला मजकूर लिहितो. लिंक जशीच्या तशी.

त्या क्षणी सगळं चालतं. किंबहुना स्नेकऑइल वापरणारी त्या मशीनवरची इतर सॉफ्टवेअरंसुद्धा आपलं सर्टिफिकेट दाखवायला लागतात. नंतर कुणीतरी 'मेक-एसएसएल-सर्ट जनरेट-डिफॉल्ट-स्नेकऑइल' ही कमांड फोर्स-ओव्हरराइट लावून चालवतो. मशीनचं नाव बदललं की असं करणं अगदी स्वाभाविक आहे. त्याबरोबर मेलचं सर्टिफिकेट आणि त्याची खाजगी की दोन्ही कायमची पुसली जातात. इथे बाजूला काढलेली जुनी फाइलही नसते, कारण पॅकेजच्या नजरेत ती फाइल एसएसएल-सर्टची स्वतःचीच होती.

यातून निघणारा नियम सोपा आहे. पॅकेजने निर्माण केलेल्या नावावर आपलं सर्टिफिकेट कधीही ठेवायचं नाही. रेड हॅटच्या पठडीतल्या मशीनवर इटीसी, पीकेआय, डोव्हकॉटखालच्या फाइलींनाही हेच लागू. आपली फाइल आपल्या फोल्डरमध्ये, आपण दिलेल्या नावाने ठेवायची आणि कॉन्फिगरेशनमध्ये त्या जागेचा पूर्ण पाथ लिहायचा. लेट्स एन्क्रिप्ट (फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) वापरत असाल तर सर्टबॉट या सर्टिफिकेट आणणाऱ्या साधनाच्या 'लाइव्ह' फोल्डरमधला फुलचेन.पेम (सर्टिफिकेटची पूर्ण साखळी) आणि प्रिव्हकी.पेम (खाजगी की) यांचा पाथ थेट दिला तरी चालतं. पोस्टफिक्स आणि डोव्हकॉट या दोघांची की रूटच्या अधिकारातच वाचली जाते, त्यामुळे परवानगीचा प्रश्न येत नाही. डेबियनवर एक्झिम हा दुसरा मेल प्रोग्रॅम मात्र स्वतःच्या 'डेबियन-एक्झिम' या युजरने की वाचतो आणि त्याला 'लाइव्ह' फोल्डरमध्ये शिरताच येत नाही. त्याच्यासाठी सर्टबॉटच्या रिन्यूअल-हुक्सखालच्या डिप्लॉय फोल्डरमध्ये, नूतनीकरणानंतर आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट ठेवावी. ती 'इन्स्टॉल' कमांडने कीची प्रत रूट मालक, डेबियन-एक्झिम ग्रुप आणि ०६४० परवानगी देऊन वेगळ्या जागी ठेवते.

एक्झिमचा विषय निघालाच आहे तर एक सांगून ठेवतो: डेबियनवर व्हार, लिब, एक्झिम४ मधली कॉन्फिग.ऑटोजनरेटेड ही फाइल कधीच हाताने बदलू नये. ती एक्झिम सुरू होताना पुन्हा तयार होते. सर्टिफिकेटचे मॅक्रो एक्झिम४.कॉन्फ.लोकलमॅक्रोज या फाइलमध्ये लिहायचे.

सेटिंग कुठे लिहायचं

डोव्हकॉटमध्ये सोय चांगली आहे. कॉन्फ.डी मधल्या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि एकच सेटिंग दोनदा आलं तर नंतरचं लागू होतं. म्हणून १०-एसएसएल.कॉन्फला हात लावायचा नाही. ९९-आमचं.कॉन्फ अशी स्वतःची फाइल करायची आणि सर्टिफिकेटच्या ओळी फक्त तिथे ठेवायच्या. ही फाइल कुठल्याच पॅकेजची नसल्यामुळे तिला कोणी हात लावत नाही. पॅकेजची फाइल अस्पर्श राहिली की तिचं अपग्रेडही विनाप्रश्न होतं, हा दुसरा फायदा. २.३ पर्यंतच्या आवृत्त्यांत पाथच्या आधी 'पेक्षा लहान'चं चिन्ह लागतं. ते विसरलं तर डोव्हकॉट पाथच्या अक्षरांनाच सर्टिफिकेट समजतो आणि पेम मजकूर सापडला नाही अशी तक्रार करतो. शेवटी 'डव्हकॉन्फ -एन' चालवून प्रत्यक्षात कुठला पाथ लागू आहे ते पाहायचं.

पोस्टफिक्समध्ये अशी 'इन्क्लूड' करायची सोय नाही. सगळं मेन.सीएफमध्ये. डेबियन १२ पर्यंत ही फाइल डीपीकेजीची कॉनफाइल नसून पहिल्या इन्स्टॉलच्या वेळी पॅकेजच्या स्क्रिप्टने तयार केलेली असते आणि तेव्हाच तिच्यात स्नेकऑइलच्या दोन ओळी लिहिल्या जातात. म्हणून साध्या अपग्रेडमध्ये त्या ओळी सहसा बदलत नाहीत. नुकसान होतं ते कुणी पॅकेज 'पर्ज' करून, म्हणजे सेटिंगसकट काढून, परत बसवतं तेव्हा, किंवा एखादं कंट्रोल पॅनल आपल्या साच्यातून पूर्ण फाइल नव्याने लिहितं तेव्हा. मेन.सीएफमध्ये एकच पॅरामीटर दोनदा असेल तर शेवटचा लागू होतो, हेही लक्षात असू द्या. पॅनलने फाइलच्या तळाशी आपल्या ओळी जोडल्या असतील तर वर तुमची ओळ ठसठशीत दिसते आणि काही उपयोग नसतो. अशा वेळी पोस्टकॉन्फ 'आधीची नोंद रद्द होते आहे' अशी वॉर्निंग ओळ क्रमांकासह देतो. ती वाचावी.

इथे दोन गोष्टी बारकाईने पाहाव्यात. पहिली, 'पोस्टकॉन्फ -एन' फक्त मेन.सीएफमधलं सांगतो. सबमिशनच्या, म्हणजे लोक लॉगिन करून मेल पाठवतात त्या, पोर्टसाठी मास्टर.सीएफमध्ये (सेवांच्या यादीची फाइल) '-ओ' लावून वेगळं सर्टिफिकेट दिलेलं असेल तर ते या यादीत येत नाही, त्यासाठी मोठ्या पीचा '-पी' पर्याय चालवावा लागतो. दुसरी, पोस्टफिक्स ३.४ पासून 'एसएमटीपीडी_टीएलएस_चेन_फाइल्स' हा पॅरामीटर आहे. त्यात आधी की आणि मग सर्टिफिकेटची साखळी, अशा क्रमाने फाइली द्यायच्या. हा भरलेला असेल तर जुन्या सर्ट_फाइल आणि की_फाइल या ओळींकडे पोस्टफिक्स बघतच नाही. म्हणजे कुणी एकाने नवा पॅरामीटर भरला आणि दुसऱ्याने जुनी ओळ दुरुस्त केली, तर दुसऱ्याची मेहनत वाया.

एकाच सर्व्हरवर अनेक डोमेन असतील आणि 'टीएलएस_सर्व्हर_एसएनआय_मॅप्स' (मागितलेल्या नावानुसार सर्टिफिकेट निवडणारा तक्ता) वापरत असाल, तर तो तक्ता 'पोस्टमॅप -एफ' ने, मोठ्या एफने, तयार होतो. त्यात पाथ साठत नाही. सर्टिफिकेट आणि की यांचा सगळा मजकूरच साठतो. त्यामुळे सर्टिफिकेटचं नूतनीकरण झाल्यावर ही कमांड पुन्हा चालवली नाही, तर फाइल नवी असूनही जुनंच सर्टिफिकेट दिसत राहतं. हा दोष अपग्रेडचा नाही, पण लक्षण हुबेहूब तसंच, म्हणून इथे नोंदवतो. ती कमांड डिप्लॉय हुकमध्ये टाकून ठेवा.

साच्यातून कॉन्फिगरेशन बनवणाऱ्या तयार संचांत तर हाताने केलेला बदल टिकण्याची अपेक्षाच करू नये. झिंब्रात झेडएमकॉन्फिगडी मेन.सीएफ पुन्हा लिहितो, तिथे सर्टिफिकेट झेडएमसर्टएमजीआरनेच बसवायचं. मेलकाऊमध्ये पोस्टफिक्ससाठी एक्स्ट्रा.सीएफ आणि डोव्हकॉटसाठी एक्स्ट्रा.कॉन्फ या फाइली आपल्या बदलांसाठी राखलेल्या आहेत. मेल-इन-ए-बॉक्सची सेटअप स्क्रिप्ट अपग्रेडच्या वेळी पुन्हा चालते आणि फाइली आपल्या पद्धतीने लावते. संच निवडला की त्याचीच वाट धरायची.

दोन्ही उत्तरं चुकतात तेव्हा

डेबियन १२ वरून १३ वर जाताना डोव्हकॉट २.३ वरून २.४ वर जातो. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, त्यामुळे हे काम अजून अनेकांचं बाकी असेल. इथे वरचा सगळा 'आपली ठेव की नवी घे' हा विचार अपुरा पडतो. २.४ मध्ये कॉन्फिगरेशनच्या पहिल्याच सेटिंगमध्ये 'डोव्हकॉट_कॉन्फिग_व्हर्जन' द्यावं लागतं आणि सोबत 'डोव्हकॉट_स्टोरेज_व्हर्जन'ही लागतं. सर्टिफिकेटच्या सेटिंगची नावंही बदलली: 'एसएसएल_सर्ट' चं 'एसएसएल_सर्व्हर_सर्ट_फाइल' झालं, 'एसएसएल_की' चं 'एसएसएल_सर्व्हर_की_फाइल' झालं, आणि 'पेक्षा लहान'चं चिन्ह गेलं, आता नुसता पाथ द्यायचा. 'एसएसएल_डीएच' चंही 'एसएसएल_सर्व्हर_डीएच_फाइल' झालं.

जुन्या फाइली ठेवल्या तर डोव्हकॉट सुरूच होत नाही. नव्या घेतल्या तर तो सुरू होतो, पण मूळ सर्टिफिकेट दाखवतो. आणि ज्याने शहाणपणाने ९९ ची वेगळी फाइल केली होती, त्याची ती फाइल शाबूत राहते पण तिच्यातल्या जुन्या नावांमुळेच डोव्हकॉट अडतो. खरं तर हे बरं आहे. बंद पडलेली सेवा लगेच दिसते, चुकीचं सर्टिफिकेट दिसत नाही. उपाय एकच: अपग्रेडच्या आधी २.३ च्या मशीनवर 'डव्हकॉन्फ -एन' चं आउटपुट फाइलमध्ये जतन करायचं, नव्या आवृत्तीच्या मूळ फाइली स्वीकारायच्या आणि आपले बदल नव्या नावांनी पुन्हा लिहायचे. हे काम आधी वेगळ्या चाचणीच्या मशीनवर करून बघावं. जुनी फाइल ओळीओळीने ठिगळं लावत चालवायचा प्रयत्न मी सुचवणार नाही.

कधी सेटिंग आणि फाइल दोन्ही जिथल्या तिथे असतात, तरी सर्टिफिकेट नाकारलं जातं. ओपनएसएसएल या टीएलएसचं काम करणाऱ्या सॉफ्टवेअरची सुरक्षा पातळी वितरणाच्या नव्या आवृत्तीत वर गेली की असं होतं. डेबियन १० मध्ये, २०१९ साली, ती मुळातच २ केली गेली आणि २०४८ बिटपेक्षा लहान आरएसए की असलेली सर्टिफिकेटं 'की फार लहान' म्हणून बाद होऊ लागली. पातळी खाली आणू नका, नवं सर्टिफिकेट घ्या. एसईलिनक्स (फाइलींवरच्या लेबलांवरून प्रवेश ठरवणारी सुरक्षा व्यवस्था) असलेल्या मशीनवर फाइलचं लेबल 'सीएचकॉन' ने लावलेलं असेल, तर पूर्ण रीलेबल झाल्यावर ते जातं. वेगळ्या फोल्डरसाठी 'सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट' ने 'सर्ट_टी' हा प्रकार नोंदवायचा आणि मग 'रिस्टोरकॉन' चालवायचं, म्हणजे ते टिकतं.

तारेवर काय दिसतं ते तपासा

कॉन्फिगरेशन वाचून खात्री पटवून घेणं पुरेसं नाही. समोरच्याला काय दिसतं तेच पाहायला हवं, आणि ते प्रत्येक पोर्टवर वेगळं. 'ओपनएसएसएल एस_क्लायंट' ला ४६५, ९९३ आणि ९९५ वर थेट जोडायचं. २५ आणि ५८७ ला 'स्टार्टटीएलएस एसएमटीपी', १४३ ला 'स्टार्टटीएलएस आयमॅप', ११० ला 'स्टार्टटीएलएस पॉप३' असा पर्याय द्यायचा. मॅनेजसीव्हचं (मेल गाळण्याचे नियम सांभाळणारी सेवा) पोर्ट ४१९० हमखास विसरलं जातं, त्यालाही 'सीव्ह' चालतं. 'सर्व्हरनेम' मध्ये मेल सर्व्हरचं पूर्ण नाव द्यायला विसरू नका, नाहीतर अनेक डोमेनच्या सर्व्हरवर वेगळंच सर्टिफिकेट येईल. मिळालेला मजकूर 'ओपनएसएसएल एक्स५०९' कडे पाठवून शा-२५६ फिंगरप्रिंट काढायचा आणि डिस्कवरच्या फुलचेन.पेमच्या फिंगरप्रिंटशी ताडायचा. एक जरी पोर्ट जुळलं नाही, तरी काम बाकी आहे.

व्हेरिफाय एररचा आकडाही बोलका असतो. १८ म्हणजे स्वतःची स्वतःवर सही, बहुधा स्नेकऑइलच. १० म्हणजे मुदत संपली. २० आणि २१ एकत्र आले तर मधल्या प्राधिकरणाचं सर्टिफिकेट सोबत गेलेलं नाही, म्हणजे फुलचेनऐवजी नुसतं सर्ट.पेम लावलं गेलंय. नाव जुळतं का हे पाहायला 'व्हेरिफाय_होस्टनेम' पर्याय द्यावा लागतो, तेव्हा ६२ दिसला तर सर्टिफिकेट दुसऱ्याच नावाचं आहे.

पोस्टफिक्सच्या तपासणीत एक गोंधळ होतो. सर्टिफिकेटची फाइल बदलल्यावर रीलोड केलं नाही, तर आधीच चालू असलेल्या एसएमटीपीडी प्रोसेस जुनंच सर्टिफिकेट घेऊन बसतात. प्रत्येक प्रोसेस मूळ सेटिंगप्रमाणे १०० जोडण्या झाल्या किंवा १०० सेकंद रिकामी बसली की संपते. त्यामुळे काही काळ एकाच पोर्टवर कधी जुनं तर कधी नवं असं दिसतं. 'पोस्टफिक्स रीलोड' आणि 'डव्हॲडम रीलोड' करूनच मोजणी सुरू करा.

पोस्टफिक्सला सर्टिफिकेटची फाइल वाचताच आली नाही, तर प्रकार स्नेकऑइलपेक्षा गंभीर होतो. तो लॉगमध्ये टीएलएस बंद करत असल्याची वॉर्निंग लिहितो आणि पोर्ट २५ वर स्टार्टटीएलएस देणंच थांबवतो. मेल येत राहतो, पण उघड्या जोडणीवर. लॉगमध्ये 'डिसेबलिंग टीएलएस सपोर्ट' हे शब्द शोधायची सवय अपग्रेडनंतर लावून घ्यावी. क्लायंटने सर्टिफिकेट नाकारल्याच्या खुणाही तिथेच सापडतात: टीएलएस अलर्ट ४८ म्हणजे सही करणारा ओळखीचा नाही, ४२ म्हणजे सर्टिफिकेट खराब. 'लॉस्ट कनेक्शन आफ्टर स्टार्टटीएलएस' च्या ओळी अचानक वाढल्या तर तेही लक्षणच.

हे सगळं छोट्या स्क्रिप्टमध्ये घालून एपीटीच्या (डीपीकेजीकडून काम करून घेणारं साधन) 'डीपीकेजी पोस्ट-इन्व्होक' हुकला, म्हणजे अपग्रेडनंतर आपोआप चालणाऱ्या कमांडीला, जोडता येतं. स्क्रिप्टने चुकीचा एक्झिट कोड दिला तर एपीटी मध्येच थांबतो, म्हणून हुकमधली कमांड कायम यशस्वी ठरेल अशी लिहा आणि इशारा वेगळ्या मार्गाने पाठवा. तो त्याच सर्व्हरच्या मेलने पाठवून उपयोग नाही, हे सांगायला नकोच. हुकशिवाय तीच स्क्रिप्ट रोज क्रॉनमधूनही (ठरल्या वेळी कामं चालवणारं साधन) चालवा आणि तिच्यात 'चेकएंड १२०९६००' ची भर घाला, म्हणजे १४ दिवसांत मुदत संपणारं सर्टिफिकेट आधीच कळेल. लेट्स एन्क्रिप्टने मुदतीची आठवण करून देणारे मेल जून २०२५ मध्ये बंद केले. शिवाय सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस अशी उतरत जाणार आहे. हाताने बसवायचे दिवस संपत आले आहेत.

इटीसीवर एटसीकीपर लावलात तर एपीटीच्या प्रत्येक फेरीआधी आणि नंतर गिटमध्ये नोंद पडते आणि कुठली ओळ कधी बदलली ते लगेच दिसतं. मात्र खाजगी कीही त्या गिटमध्ये जाते. ते भांडार मशीनबाहेर पाठवू नका, किंवा कीचं फोल्डर वगळा.

बिघडलंच तर, आणि डेनवाल्यांसाठी थोडं वेगळं

आधी तारेवर दिसणारं सर्टिफिकेट बघा, मग पोस्टकॉन्फ आणि डव्हकॉन्फ लागू असलेला पाथ कोणता सांगतात ते बघा. पाथ बदललेला असेल तर शेपूटवाल्या जुन्या फाइलीतून ओळी घेऊन योग्य जागी लिहा. पाथ बरोबर असेल तर त्या जागी काय आहे ते तपासा. सर्टिफिकेटमधली पब्लिक की आणि खाजगी कीमधून काढलेली पब्लिक की जुळल्या पाहिजेत. 'ओपनएसएसएल एक्स५०९ -पबकी' आणि 'ओपनएसएसएल पीकी -पबआउट' यांची आउटपुटं शेजारी ठेवली की कळतं. मग रीलोड, मग पुन्हा सगळी पोर्टं. ज्यांनी ॲपमध्ये इशारा डावलून अपवाद साठवला असेल, त्यांना तो काढायला सांगा. थंडरबर्डमध्ये तो सर्टिफिकेट मॅनेजरमध्ये कायमचा बसलेला असतो.

डोमेनसाठी डेनचे टीएलएसए रेकॉर्ड (डीएनएसमध्ये ठेवलेली सर्टिफिकेटची खूण) किंवा 'एनफोर्स' अवस्थेतलं एमटीए-एसटीएस (टीएलएस सक्तीचं करणारं जाहीर धोरण) लावलेलं असेल, तर पोर्ट २५ ची ती सहनशीलता तुमच्या वाट्याला नाही. ते पाळणारे सर्व्हर स्नेकऑइल दिसताच मेल द्यायला नकार देतात. '३ १ १' प्रकारच्या टीएलएसए रेकॉर्डमध्ये मुदत आणि नाव पाहिलं जात नाही, फक्त की जुळावी लागते, आणि स्नेकऑइलची की वेगळी असणारच. घाईघाईत डीएनएस बदलून स्नेकऑइलचा हॅश टाकू नका. जुनी की परत जागेवर आणली की रेकॉर्ड आपोआप जुळतं. जुनी की खरोखरच पुसली गेली असेल, तर नवं सर्टिफिकेट घेऊन त्याचा हॅश प्रकाशित करा आणि जुन्या रेकॉर्डचा टीटीएल (इतरांनी ते साठवून ठेवायची मुदत) संपेपर्यंत काही सर्व्हर नकारच देतील हे धरून चाला. पुढच्या वेळेसाठी सर्टबॉटला 'रीयूज-की' द्या आणि कीची एक प्रत सुरक्षित जागी ठेवा.

नाकारलेला मेल पाठवणाऱ्याच्या रांगेत थांबतो. तुमच्याकडे 'पोस्टक्यू -एफ' चालवून तो येणार नाही, ती कमांड फक्त आपल्याकडून बाहेर जाणारी रांग हलवते. तो मेल समोरचा सर्व्हर त्याच्या वेळापत्रकाने पुन्हा पाठवेल. पोस्टफिक्समध्ये मूळ सेटिंग ५ दिवसांचं आहे, त्यानंतर मेल परत जातो. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी केलेलं अपग्रेड सोमवारी सकाळी दुरुस्त झालं तर असा मेल उशिरा का होईना, पोचतो. एखादा आठवडा गेला तर पाठवणाऱ्याकडे परत गेलेला मेल त्याने पुन्हा पाठवला तरच मिळेल.